सयाजीबाग की जांबुघोडा?

भाद्रपदात पाऊस उघडला की वडोदऱ्यात फुलपाखरांचे दिवस सुरू होतात. कॅमेरा घेऊन जायचं कुठे? माझं मत सयाजीबागेला. १८७९ सालची ही बाग शहरातच. सकाळी कोवळ्या उन्हात फुलपाखरं पंख पसरून अंग शेकत बसतात, त्या वेळेला पोहोचणं सहज जमतं. विश्वामित्री नदीकाठच्या रुईवर नजर ठेवा, बिबळ्या कडवा या फुलपाखराची मादी तिथे अंडी घालते. लिंबाळी मात्र मध पितानाही पंख फडफडवत राहते, तिच्यासाठी शटरचा वेग १/१००० सेकंद तरी हवा.

जांबुघोड्याचं सागवानी जंगल लांब, पोहोचेपर्यंत ऊन चढतं. पण ओढ्याकाठच्या ओल्या मातीतले क्षार शोषणारे नरांचे थवे बघावेत तर तिथेच! कॅमेरा जमिनीलगत धरा, आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका.