ब्लू-रे प्लेअरसाठी साउंडबार घ्यावा की रिसीव्हर आणि स्वतंत्र स्पीकर?

घरात ब्लू-रे प्लेअर आहे, टीव्हीही मोठा आहे, पण संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवावा लागतो आणि पडद्यावर गोळीबार सुरू झाला की तो घाईने कमी करावा लागतो. ही अडचण असणाऱ्यांपुढे दोन मार्ग असतात : एक साउंडबार, म्हणजे अनेक स्पीकर सामावलेली लांब पट्टी; दुसरा एव्ही रिसीव्हर, म्हणजे प्लेअरचा ध्वनी उलगडून स्पीकरना ताकद देणारे यंत्र, आणि त्याला जोडलेले स्वतंत्र स्पीकर. ही तुलना मुख्यतः डिस्क पाहणाऱ्यांसाठी आहे, कारण दोन्ही मार्गांतला खरा फरक डिस्कवरच्या ध्वनीमुळेच पडतो.

डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल ध्वनी सेकंदाला कमाल ४४८ किलोबिट इतका असतो. नेटफ्लिक्सवरील ॲटमॉस (डॉल्बीचा, वरूनही ध्वनी ऐकवणारा प्रकार) कमाल ७६८ किलोबिटपर्यंत जातो. ब्लू-रेवरचा डॉल्बी ट्रू-एचडी मात्र १८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओची मर्यादा त्याहूनही वरची आहे. हे दोन्ही प्रकार ध्वनीतला कोणताही भाग न गाळता साठवतात, त्यामुळे स्टुडिओत तयार झालेले मिश्रण जसेच्या तसे आपल्या घरी आलेले असते. ते स्पीकरपर्यंत पोहोचते की वाटेतच कापले जाते, हे जोडणीवर ठरते, आणि खरेदीच्या वेळी सर्वांत कमी लक्ष याच गोष्टीकडे दिले जाते.

अनेक घरांत प्लेअर टीव्हीला आणि टीव्ही ऑप्टिकल केबलने साउंडबारला जोडलेला असतो. ऑप्टिकल केबलमधून दोन वाहिन्यांचा (वाहिनी म्हणजे एकेका स्पीकरसाठीचा वेगळा ध्वनी) पीसीएम, म्हणजे असंकुचित डिजिटल ध्वनी, किंवा ५.१ वाहिन्यांचा (पाच मुख्य आणि एक खर्जाची) जुना, संकुचित डॉल्बी वा डीटीएस ध्वनीच जाऊ शकतो; ट्रू-एचडी तिच्यातून जातच नाही. एचडीएमआय एआरसीची, म्हणजे टीव्हीकडचा ध्वनी एचडीएमआय केबलनेच साउंडबारकडे पाठवण्याच्या सोयीची, अवस्था यापेक्षा फारशी वेगळी नाही. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआय २.१ बरोबर आलेल्या ई-एआरसीने ही मर्यादा उठवली, परंतु त्यासाठी टीव्ही आणि साउंडबार या दोघांनीही ती सोय द्यायला हवी. शिवाय सॅमसंगने २०१८ पासून आपल्या टीव्हींमधून डीटीएस काढून टाकले असल्याने, अशा टीव्हीमार्गे डीटीएस असलेली डिस्क लावली तर ध्वनी एक तर दोन वाहिन्यांवर येतो किंवा मुळीच येत नाही. म्हणून साउंडबार घ्यायचाच असेल तर ज्याला स्वतंत्र एचडीएमआय इनपुट आहे असाच घ्यावा, प्लेअर थेट त्याला जोडावा आणि पुढे फक्त चित्र टीव्हीकडे पाठवावे. वॅटच्या मोठ्या आकड्यांपेक्षा हे एक छिद्र मला अधिक मोलाचे वाटते.

रिसीव्हरच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही, कारण त्याला एकाहून अधिक एचडीएमआय इनपुट असतात. घरी असलेला रिसीव्हर जुना असून ४के चित्र पुढे पाठवू शकत नसेल, तरी तो लगेच बदलण्याची गरज नाही. सोनीचा यूबीपी-एक्स७०० किंवा पॅनासोनिकचा डीपी-यूबी८२० अशा प्लेअरना दोन एचडीएमआय आउटपुट आहेत. एकातून चित्र टीव्हीकडे आणि दुसऱ्यातून ध्वनी रिसीव्हरकडे देता येतो.

आता ऐकण्याच्या अनुभवाकडे वळू. चित्रपटातले बहुतेक संवाद मधल्या, म्हणजे सेंटर वाहिनीत असतात. २.१ साउंडबारमध्ये ही वाहिनीच नसते, ३.१ पासून पुढच्या बारमध्ये ती असते आणि संवाद स्पष्ट होण्यात त्याचा मोठा वाटा असतो. पण बारची लांबी साधारण एक मीटर. नऊ फुटांवर बसणाऱ्याला त्याची दोन टोके जेमतेम २० अंशांच्या कोनात दिसतात, तर आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये ६० अंशांचा कोन हवा. म्हणजे नऊ फुटांवर बसलात तर ते दोन स्पीकर एकमेकांपासूनही जवळपास नऊ फूट दूर हवेत. कोणतेही प्रक्रियातंत्र ही रुंदी पूर्णपणे भरून काढू शकत नाही. पाऊस, गर्दी, पाठीमागून येणारी गाडी अशा प्रसंगी हा फरक नवख्या कानालाही जाणवतो.

ॲटमॉसच्या साउंडबारमध्ये वर तोंड करून बसवलेले स्पीकर ध्वनी छतावर आपटून खाली आणतात. छत सपाट असेल तर हा उपाय बऱ्यापैकी काम करतो, पण आपल्या अनेक फ्लॅटमध्ये पीओपीचे टप्पे व खोबणी असलेले फॉल्स सीलिंग असते आणि त्यावर ध्वनी विखुरतो. अशा हॉलमध्ये ॲटमॉससाठी जादा पैसे मोजणे मला पटत नाही.

खोलीचा प्रश्न दोन्ही मार्गांना सारखाच लागू आहे. फरशी, प्लास्टरच्या समोरासमोर भिंती आणि काचेची सरकती खिडकी यांमुळे ध्वनी घुमतो आणि शब्द पुसट होतात. जाड पडदे, समोर जाड सतरंजी किंवा गालिचा आणि मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट एवढ्यानेही संवाद सुधारतात, आणि हा खर्च कोणत्याही यंत्राच्या आधी करावा. खर्ज हा त्याहून अवघड विषय आहे. १५ फूट लांबीच्या हॉलमध्ये सुमारे ३७ हर्ट्झला ध्वनिलहर दोन भिंतींमध्ये अडकते. तिचा दाब भिंतीलगत सर्वाधिक आणि मध्यभागी सर्वांत कमी असतो. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तिथे धमधम वाढते. सबवूफर (खर्ज वाजवणारा स्पीकर) काही वेळ बसण्याच्या जागी ठेवून खर्जाचे संगीत लावावे, खोलीभर जमिनीलगत फिरून जिथे ते सर्वांत समतोल ऐकू येईल ती जागा शोधावी आणि सबवूफर तिथे हलवावा. त्याखाली जाड रबराचा पट्टा घातल्यास खालच्या मजल्यावर जाणारी कंपनेही काही प्रमाणात कमी होतात.

चित्रपटांखेरीज ज्यांच्याकडे नाट्यसंगीत व शास्त्रीय गायनाच्या सीडी आहेत, त्यांनी रिसीव्हरकडेच वळावे. सीडी ही दोन वाहिन्यांची असते आणि ऑप्टिकल केबलमधूनही ती काही न गमावता जाते, त्यामुळे इथे जोडणीचा वाद नाही. प्रश्न स्पीकरचा आहे. तानपुऱ्याचा भरीव नाद आणि तबल्यातील बायाची मींड एका अरुंद पेटीतून नीट उलगडत नाही. मात्र सीडी लावताना रिसीव्हर स्टीरिओ किंवा डायरेक्ट या पर्यायावर ठेवावा, नाहीतर तो आवाज सर्व स्पीकरांत पसरवतो.

निवड करायची झाली तर माझे मत असे : खोली लहान असेल, भाड्याची असेल किंवा वायरी ओढणे शक्य नसेल, तर एचडीएमआय इनपुट असलेला ३.१ वा ५.१ साउंडबार पुरेसा आहे. डिस्कचा संग्रह असेल आणि हॉल स्वतःचा असेल, तर रिसीव्हर घ्यावा. पण सुरुवातीला पुढचे तीन स्पीकर व एक सबवूफर चांगल्या प्रतीचे घेऊन मागचे पुढच्या वर्षी जोडावेत. त्याच पैशांत पहिल्याच दिवशी सात किरकोळ स्पीकर घेण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. महागडा प्लेअर यादीत शेवटी ठेवावा, कारण एचडीएमआयमधून डिजिटल ध्वनी बाहेर पडतो तेव्हा स्वस्त आणि महाग प्लेअर तीच माहिती पाठवतात. ॲनालॉग आउटपुट वापरणार असाल तरच प्लेअरमधले परिवर्तक सर्किट महत्त्वाचे ठरते.

जोडणी झाल्यावर प्लेअरच्या मेनूत डिजिटल आउटपुट बिटस्ट्रीमवर ठेवावे, म्हणजे डिस्कवरचा ध्वनी न उलगडता पुढे जाईल, आणि दुय्यम ध्वनी (मेनूचे आवाज, भाष्य) मिसळण्याचा पर्याय बंद करावा; तो चालू राहिला तर अनेक प्लेअर ट्रू-एचडीऐवजी साधा डॉल्बी पाठवतात. डायनॅमिक रेंज (सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर) कमी करणारा पर्याय दिवसा बंद आणि रात्री घरातले झोपलेले असताना चालू ठेवावा. रिसीव्हरचा मायक्रोफोन कानाच्या उंचीवर ठेवून स्पीकर व खोलीचे मापन करून घ्यावे. मापनानंतर स्पीकर ‘लार्ज’ असे नोंदले गेले असतील तर ते ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर (ज्या सीमेखालचा ध्वनी सबवूफरकडे जातो ती) ८० हर्ट्झवर आणावा, म्हणजे खर्जाचा भार सबवूफरवर जाईल आणि पुढचे स्पीकर संवादांसाठी मोकळे राहतील.