एनबीए लाईव्ह २००५ चा पूर्ण सीझन खेळलो, एकही मॅच न सोडता (जवळपास)

होळी झाल्यावर एक मित्र धुळं सोडून पुण्याला गेला, त्याच्या माळ्यावरचा पसारा खाली काढायला मी गेलो होतो, त्यात ह्या गेमची सीडी सापडली. एनबीए म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग, तिचा २००४ साली आलेला कॉम्प्युटर गेम. कव्हरवर कार्मेलो अँथनी हा प्लेअर, एक कोपरा उंदराने कुरतडलेला. मित्र म्हणे घे भो तुला, नाहीतर भंगारात जाईल. घरी दुकानाचा जुना बिलिंगवाला कॉम्प्युटर पडून होता, विंडोज एक्सपीवाला, त्यात टाकली आणि गुपचूप चालू झाली, मलाच विश्वास बसेना.

आता कोणी म्हणेल वीस वर्षं जुन्या गेमचा रिव्ह्यू कशाला. तर लोक जुने गेम काढतात, दोन मॅच खेळतात, ग्राफिक्सला हसतात आणि ठेवून देतात. मी ठरवलं की एक टीम घ्यायची आणि तिच्या सीझनच्या सगळ्या ८२ मॅच खेळायच्या, ४१ घरच्या ४१ बाहेरच्या. धुळ्यात मार्चपासून दुपारी १ ते ४ बाजारात कुत्रं फिरत नाही, दुकानाचं शटर अर्धं ओढायचं, घरी जेवायचं, कूलरसमोर बसायचं आणि दोन मॅच. एक मॅच साधारण ४० मिनिटं धरा, म्हणजे नुसता रेग्युलर सीझन (प्लेऑफ म्हणजे बाद फेरीच्या आधीचा) ५५ तासांचा झाला. रिकामटेकडा म्हणा, चालेल.

टीम घेतली ह्यूस्टन रॉकेट्स. ७ फूट ६ इंचाचा याओ मिंग, आणि त्याच वर्षी ऑर्लँडोहून आलेला ट्रेसी मॅकग्रेडी. बाकी टीम तशी साधी, जुवान हॉवर्ड, जिम जॅक्सन, बॉब सुरा वगैरे. मला वाटलं दोन मोठे प्लेअर आहेत तर सोपं जाईल. नाही गेलं. २००४-०५ च्या त्या सीझनला लीगमध्ये शार्लट बॉबकॅट्स ही तिसावी टीम आली आणि सहा डिव्हिजन (गट) झाल्या, त्यात रॉकेट्सच्या डिव्हिजनमध्ये स्पर्स, मॅव्हरिक्स, ग्रिझलीज आणि हॉर्नेट्स. डिव्हिजनमधल्या प्रत्येकाशी चार चार मॅच. म्हणजे स्पर्सच्या टिम डंकनचं तोंड वर्षातून चारदा बघायचं, तो शांतपणे येतो, रिंगमागच्या बोर्डला टेकवून बॉल टाकतो, शांतपणे परत जातो, आपल्याला वाटतं आपण बरोबरीत आहोत आणि स्कोअर बघावा तर ११ ने मागे.

खेळायला कसा आहे ते सांगतो. कीबोर्डवर खेळू नका, बोटांचं भरीत होतं. साधं यूएसबी गेमपॅड घ्या ज्यात उजवीकडे दुसरी काठी आहे, कारण ड्रिबल करून समोरच्याला चकवायचं काम त्या काठीवर आहे (फ्रीस्टाईल म्हणतात त्याला, २००३ च्या गेमपासून आलं). लांबून शॉट मारायचं बटण वेगळं, डंक (उडी मारून बॉल रिंगमध्ये आदळणं) आणि लेअपचं (पळत जाऊन जवळून अलगद टाकणं) वेगळं, ही गोष्ट मला फार आवडली, आत घुसताना बोटाला आधीच ठरवावं लागतं काय करायचंय. डंक मात्र जरा जास्तच स्वस्त आहेत. पहिल्या दहा मॅच मी नुसता मॅकग्रेडीला घेऊन आत घुसत होतो, डंक, डंक, डंक, आणि अकराव्या मॅचला कंटाळा आला. मग स्वतःला नियम घातला की प्रत्येक हल्ल्यात एकदा तरी बॉल याओकडे गेला पाहिजे. तिथून गेम बदलला. याओला बॉल दिला की दोन जण त्याच्यावर येतात, कोपऱ्यात जिम जॅक्सन मोकळा राहतो, पास, थ्री (लांबून मारलेला तीन पॉइंटचा शॉट). पाठीला पाठ लावून तो मोठा माणूस हळू हळू मागे सरकतो ना, आमच्या गल्लीत ट्रक रिव्हर्स घेतात अगदी तसं.

मॅचचे चार क्वार्टर असतात, ते आधी ५-५ मिनिटांचे ठेवले होते. ते चुकलं. तेवढ्यात अख्ख्या मॅचला मॅकग्रेडीचे १४-१५ पॉइंट होतात, खऱ्या सीझनला त्याचं ॲव्हरेज २५.७ होतं, मग आकडे बघायला मजा येत नाही. नंतर ८ मिनिटं केले, मॅच लांबल्या, रात्री पण बसावं लागलं, आईचा आवाज यायचा, "आते बंद कर ते डबडं, जेवाले चाल."

सगळ्यात भारी काय वाटलं तर हा गेम २००४ च्या उन्हाळ्यात गोठलेला आहे. १९ नोव्हेंबर २००४ ला डेट्रॉइटजवळ ऑबर्न हिल्सला पेसर्स आणि पिस्टन्सच्या मॅचमध्ये जो राडा झाला, प्लेअर प्रेक्षकांत घुसले, त्यानंतर पेसर्सचा रॉन आर्टेस्ट बंदी येऊन उरलेला सगळा सीझन बाहेर बसला. माझ्या सीडीत तो राडा झालाच नाही. मार्चमध्ये पेसर्स आले तर आर्टेस्ट मॅकग्रेडीच्या अंगावर पिसवासारखा चिकटलेला. जिम जॅक्सनला पण खऱ्या रॉकेट्सने डिसेंबरमध्ये हॉर्नेट्सला देऊन टाकलं होतं, माझ्याकडे तो शेवटपर्यंत राहिला आणि कोपऱ्यातून थ्री मारत राहिला. मी मुद्दाम ट्रेड (प्लेअरची अदलाबदल) केले नाहीत.

आणि ९ डिसेंबर २००४ ची ती मॅच ज्यांना माहिती आहे त्यांना माहिती आहे, मॅकग्रेडीने स्पर्सविरुद्ध शेवटी शेवटी ३३ सेकंदांत १३ पॉइंट केले, १.७ सेकंद बाकी असताना शेवटचा थ्री, रॉकेट्स ८१-८० ने जिंकले. मी पण म्हटलं करून बघू. स्पर्स समोर, मी ८ ने मागे, ३५ सेकंद बाकी. पहिला थ्री गेला. बॉल चोरला, लेअप गेला. तीनने मागे, हात घामाने ओले, मार्व्ह अल्बर्टची कॉमेंट्री चालू, आणि मॅकग्रेडी वर उडाला, बॉल रिंगवर दोनदा नाचला, बाहेर. तीनने हरलो. खरा माणूस खरा असतो भो.

मॅच नंबर ६१ ला लाईट गेली. चौथा क्वार्टर, मी १४ ने पुढे. इन्व्हर्टर हॉलला आहे, माझ्या खोलीला नाही, आणि मागच्या तीन मॅच मी सेव्हच केल्या नव्हत्या, त्यामुळे चार मॅच गेल्या. चूक माझीच, शिव्या मात्र लाईटवाल्यांना दिल्या. परत खेळताना त्यातल्या दोन हरलो ज्या आधी जिंकलो होतो.

शीर्षकात जवळपास लिहिलंय त्याचं कारण, मधे मॅकग्रेडी जखमी झाला तेव्हा चार मॅच कॉम्प्युटरला खेळू दिल्या, सिम्युलेट. त्यातल्या तीन कॉम्प्युटर हरला. आणि मला राग पण आला नाही, कारण त्या मॅच मला आठवतच नाहीत. याउलट बॉबकॅट्ससोबतची एक फालतू मॅच, मॅकग्रेडी नसताना याओ आणि सुराने ओढत नेलेली, ती पूर्ण आठवते. ऑल-स्टार वीकेंड हे त्या वर्षीचं नवीन आकर्षण, डंकची स्पर्धा आणि थ्रीची स्पर्धा. ठीक आहे. डंकवाली मला शेवटपर्यंत जमली नाही, माझा माणूस दर वेळी पडतो.

प्लेऑफमध्ये पहिल्या राऊंडला मॅव्हरिक्स आले. खऱ्या रॉकेट्सना पण तेच आले होते, दोन मॅच जिंकून पुढे होते आणि सातवी ११६-७६ ने हरले. मी सहा मॅचमध्ये काढलं त्यांना, एकटाच ओरडलो. पुढच्या राऊंडला सन्स, म्हणजे त्यांचा स्टीव्ह नॅश. तोवर अक्षय्य तृतीया आली, म्हणजे आमची आखाजी, ताई आणि भाचा नाशिकहून आलेले, आत खापरावरच्या पोळ्या आणि आमरस, अंगणात मोठ्यांचे पत्ते चालू, आणि मी सातव्या मॅचमध्ये. भाचा मागे उभा राहून म्हणतो, "मामा, ह्यांचे चेहरे मेणाचे का आहेत? आणि हा छोटा माणूस तुला का हरवतोय?" नॅशने हरवलंच. ६ ने.

मग भाच्याच्या हातात पॅड दिलं. त्याने बॉबकॅट्स घेतली, कारण नाव आवडलं. त्यांच्या एमेका ओकाफोरने याओच्या डोक्यावरून तीन डंक मारले आणि पोरगं रसाचा हात पॅडला पुसत बसलं.

परवा पुण्याहून मित्राचा फोन, माळ्यावरच्या खोक्यात त्याची बारावीची मार्कशीट पण होती का म्हणून. होती, कुरियर केली. सीडीचं त्याने विचारलं नाही, मी पण काढलं नाही.