काच ओतायची की घासायची? मराठवाड्यातून लेन्सच्या धंद्यात उतरताना

वाळूजला नाहीतर लातूरच्या एमआयडीसीत जागा बघून ठेवलीय, बँक प्रोजेक्ट रिपोर्ट मागतेय आणि रिपोर्टवर नुसतं ‘चष्म्याच्या लेन्सचे उत्पादन’ एवढंच लिहिलंय. बऱ्याच जणांचं घोडं इथेच अडतं, कारण त्या एका ओळीत दोन वेगळे धंदे आहेत. पहिला कास्टिंगचा: रसायन साच्यात ओतून लेन्स बनवायची. दुसरा आरएक्स लॅबचा: अर्धवट तयार ब्लँक विकत आणायचा आणि पेशंटच्या नंबराप्रमाणे त्याची मागची बाजू घासून द्यायची. माझं मत आधीच सांगून टाकतो. मराठवाड्यातून नव्याने उतरणाऱ्याने ओतण्याच्या फंदात पडू नये, आणि घासण्याच्या धंद्यातही सगळी मशीन एकदम घेऊ नयेत.

ओतण्याचं गणित

साध्या प्लास्टिक लेन्सचं रसायन सीआर-३९. त्यात इनिशिएटर (घट्ट होण्याची क्रिया सुरू करणारं रसायन) मिसळायचा, काचेच्या दोन साच्यांमध्ये गॅस्केट (कडेची लवचिक रिंग) बसवून ते भरायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. तापमान ठरलेल्या चढाने वाढवत नेलं की साधारण १५ ते २० तासांत लेन्स घट्ट होते. घट्ट होताना तिचं आकारमान सुमारे १४ टक्क्यांनी आक्रसतं. गॅस्केट तेवढं दबलं नाही तर लेन्स साच्यापासून वेळेआधी सुटते आणि पृष्ठभागावर लाट राहते. डोळ्याला ती दिसत नाही, पण चष्मा घालणाऱ्याचं डोकं धरतं.

आता साचे मोजा. साच्यांच्या एका जोडीतून दिवसाला एक लेन्स निघते. रोज हजार लेन्स हव्या असतील तर हजार जोड्या भरलेल्या पाहिजेत, शिवाय धुण्यात आणि फुटण्यात जाणाऱ्या वेगळ्या. नंबरांचा पसारा तर आणखी मोठा. शून्य ते उणे ६ पर्यंत पाव-पावच्या टप्प्याने २५ नंबर होतात, सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) शून्य ते उणे २ पर्यंत धरला तर ९. म्हणजे २२५ प्रकार, तेही एकाच मटेरियलमध्ये आणि फक्त मायनसमध्ये. दुकानदाराला यातला कुठलाही नंबर मागताक्षणी हवा असतो. चीनमधल्या डानयांगमध्ये हाच माल डोंगराएवढा बनतो आणि रेडी स्टॉकचा (आधीच बनवून ठेवलेल्या नंबरच्या लेन्सचा) भाव तिथूनच ठरतो. तुमची लेन्स कितीही चांगली असली तरी त्या भावाशी झुंजावं लागेल.

विजेचा प्रश्न वेगळाच. इनिशिएटर सेंद्रिय पेरॉक्साइडचा, तो डीप फ्रीझरमध्येच ठेवावा लागतो. तापला तर आपोआप विघटन सुरू होऊन आग लागू शकते. ओव्हनचा चढ मध्येच तुटला तर त्या खेपेचं काही खरं नाही. विजेचा जनरेटर आपोआप सुरू होणारा हवा, हे इथे रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहायचं कलम आहे.

घासण्याचं गणित

आरएक्स लॅबचा खरा फायदा साठ्यात आहे. डी बायफोकलचं (लांबचं आणि जवळचं एकाच लेन्समध्ये, जवळचा भाग डी आकाराचा) उदाहरण घ्या. बेस कर्व्ह (पुढच्या बाजूची वक्रता) २, ४, ६, ८ असे चार, ॲडिशन (जवळच्यासाठी वाढवलेला नंबर) १ ते ३ पर्यंत पाव-पावने नऊ, डावा-उजवा वेगळा. ४ गुणिले ९ गुणिले २ म्हणजे ७२ प्रकारचे ब्लँक. एवढ्यात लांबचा जवळजवळ कुठलाही नंबर आणि सिलिंडर काढता येतो, कारण तो मागच्या बाजूला घासायचा असतो. चाळिशी ओलांडलेले शेतकरी, एसटीचे ड्रायव्हर, सराफ, झेडपीचे गुरुजी यांच्या बायफोकलवर लॅब चालते. रेडी स्टॉकमध्ये न मिळणारे मोठे सिलिंडर ही दुसरी जमा.

काम असं चालतं: ब्लँक ब्लॉकवर चिकटवायचा, जनरेटरवर (हे लेन्स कापायचं मशीन, विजेचं नव्हे) वक्रता कापायची, बारीक घासायचा, ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पाण्यात पॉलिश करायचा, सोडवायचा, लेन्सोमीटरवर नंबर तपासायचा. कमी नंबरात ०.१२ डायॉप्टरच्या (नंबर मोजायचं एकक) वर फरक पडला की लेन्स बाद. जुन्या पद्धतीत प्रत्येक वक्रतेसाठी वेगळं टूल लागतं आणि टूल झिजलं की नंबर सरकतो. फ्रीफॉर्म सीएनसी जनरेटर (कॉम्प्युटरवरून हवी ती वक्रता कापणारा) ही कटकट मिटवतो, पण किंमत फार, आणि प्रोग्रेसिव्हच्या (रेघ नसलेल्या, नंबर हळूहळू बदलणाऱ्या लेन्सच्या) डिझाइनसाठी बहुतेकदा प्रत्येक लेन्समागे सॉफ्टवेअरवाल्याला पैसे मोजावे लागतात. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेत उत्पादन प्रकल्पाची मर्यादा ५० लाख आहे. जुन्या पद्धतीची लॅब त्यात बसवता येते, फ्रीफॉर्म आणि कोटिंग मिळून बसत नाही.

ब्लॉकिंगला पूर्वापार जो मिश्रधातू वापरतात तो ४७ अंशांना वितळतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी किती होतं ते तुम्हाला ठाऊक आहे! त्यात शिसं आणि कॅडमियम असतं, म्हणून प्रदूषण मंडळाच्या संमतीच्या वेळीही तो आडवा येतो. शेड थंड ठेवण्याचा खर्च धरा किंवा दुसरी ब्लॉकिंग पद्धत निवडा.

पाण्याचं काय सांगावं! एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पॉलिशचं पाणी गाळून फिरवता येतं. पण कोटिंगआधीच्या धुण्यात बोअरचं जड पाणी चालत नाही, क्षाराचा ठिपका कोटाखाली कायमचा बसतो.

कोटिंग: इथेच पैसा बुडतो

‘एआरसी नसेल तर ऑर्डर नाही,’ असं दुकानदार सांगतात, आणि खरंच सांगतात. एआरसी म्हणजे चकाकी घालवणारं कोटिंग. पण ते चढवणारा व्हॅक्यूम चेंबर म्हणजे वेगळा कारखानाच आहे. धूळमुक्त खोली, चिलर, स्थिर वीज. चेंबर एका वेळी अनेक लेन्स घेतो. दिवसाला पंधरा ऑर्डरी असतील तर एकतर तो रिकामा फिरवायचा, नाहीतर पेशंटला थांबवायचं. शिवाय आपल्याकडचे लोक चष्मा भर उन्हात जीपच्या डॅशबोर्डवर ठेवतात. प्लास्टिक फुगतं, वरचे ऑक्साइडचे थर तेवढे ताणले जात नाहीत, आणि जाळीसारख्या भेगा पडतात. तक्रार लॅबवरच येते. म्हणून पहिली दोन वर्षं कोटिंग मोठ्या शहरातल्या लॅबकडून करून घ्यावं. मार्जिन कमी होईल, झोप लागेल.

जागा, माणसं, उधारी

छत्रपती संभाजीनगर या कामाला बरं. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, सीएनसी हाताळणारी पोरं शहरात सापडतात, मुंबईला समृद्धी आहे. लातूर-नांदेडचं तसं नाही. तिथला दुकानदार पुण्याला किंवा हैदराबादला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल पाठवायला सरावलाय. त्याला दहा रुपये स्वस्त लेन्स नकोय, दुसऱ्या दिवशी हातात हवीय. ते जमत असेल तरच तिथे लॅब काढण्यात अर्थ आहे.

कराचा फरकही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या लेन्सवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. ओतणारा रसायन १८ टक्क्यांनी घेतो आणि माल ५ टक्क्यांनी विकतो, त्यामुळे परताव्यात भांडवल अडकतं; मशीनवर भरलेल्या कराचा तर तो परतावाही मिळत नाही. लेन्स वैद्यकीय उपकरणांच्या २०१७ च्या नियमांत येते, तेव्हा सीडीएससीओची (केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेची) प्रक्रिया कन्सल्टंटकडून आधीच समजून घ्या.

राहता राहिला रीमेक, म्हणजे लेन्स पुन्हा करून देणं. पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) दुकानदाराने चुकीचा लिहिला तरी ‘काच जमत नाही’ म्हणून लेन्स लॅबकडेच परत येते, आणि गिऱ्हाईक टिकवायचं तर फुकट करून द्यावी लागते. वर तीन-तीन महिन्यांची उधारी. मशीनच्या कोटेशनआधी आसपासच्या दुकानांतून महिनाभराच्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या मागून आणा. त्यात बायफोकल किती, मोठे सिलिंडर किती, एआरसी किती आणि परत गेलेल्या किती, हे मोजा. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या साध्या मायनस नंबरांच्या निघाल्या तर लॅबसुद्धा काढू नका. रेडी स्टॉकची एजन्सी आणि एक चांगलं ऑटो एजर (लेन्स फ्रेमच्या मापाने कापणारं मशीन), एवढंच पुरे.