टेली-आयसीयू सेवा : अकरा महिन्यांच्या नाइट ड्यूटीनंतर

आमचं हॉस्पिटल सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात आहे. सहा बेडचं आयसीयू, दोन व्हेंटिलेटर, रात्री एक आरएमओ (निवासी डॉक्टर) आणि आम्ही दोन सिस्टर. फिजिशियन सर गावातच राहतात, भूलतज्ज्ञ फोन केला की येतात. अतिदक्षतेचंच शिक्षण घेतलेला डॉक्टर मात्र गावात कधीच नव्हता. गेल्या वर्षी सरांनी टेली-आयसीयूची सेवा घेतली. प्रत्येक बेडवर कॅमेरा, मॉनिटरवरचे आकडे थेट शहरातल्या कंट्रोल रूममध्ये, आणि तिथे चोवीस तास इंटेन्सिव्हिस्ट, म्हणजे अतिदक्षतेचे डॉक्टर. कंपनीचं नाव देत नाही, कारण तक्रारीही लिहायच्या आहेत.

सेवा काय कामाची, हे मला श्रावणातल्या एका रात्री कळलं. वस्तीवरचा एकोणीस वर्षांचा पोरगा आला. पोटात दुखतंय, दोन उलट्या झाल्या, एवढंच सांगत होते. अंगावर कुठेही चावल्याची खूण नाही. आरएमओंनी पित्ताचं इंजेक्शन लिहिलं. मला त्याच्या पापण्या जड वाटल्या म्हणून मी भिंतीवरचं बटण दाबलं. स्क्रीनवर कंट्रोल रूमच्या डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रात्री जमिनीवर झोपला होता का?" मग कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर आणून म्हणाल्या, "सिस्टर, त्याला मान उचलायला सांगा." मान उशीवरून उठली नाही. "मण्यार समजून चला. सर्पविषावरच्या एएसव्हीच्या दहा व्हायल सुरू करा, आणि भूलतज्ज्ञांना आत्ताच बोलवा, श्वास थांबायची वाट बघू नका."

पहाटे चारला श्वासनलिकेत ट्यूब घालावी लागली. सकाळपर्यंत त्याचं बोटही हलत नव्हतं. बाहुल्या पसरलेल्या, टॉर्च मारला तरी प्रतिसाद नाही. खरं सांगते, आम्हालाही वाटलं, गेला. चुलत्यांनी घरी न्यायला गाडी सांगितली होती. राउंडला मॅडमनी सरांना आणि आम्हाला निक्षून सांगितलं, की मण्यारीच्या विषानं स्नायू लुळे पडतात, बाहुल्याही पसरतात, पण मेंदू जागा असतो. लागलेला लुळेपणा एएसव्हीनं उलटत नाही, मशीनवर दिवस काढावे लागतात. "त्याला सगळं ऐकू येतंय. सक्शन करताना त्याच्याशी बोला." त्या दिवसापासून आम्ही त्याला नावानं हाक मारून वार सांगायचो, पाऊस पडला की पाऊस सांगायचो. चौथ्या दिवशी पायाचा अंगठा हलला, सातव्या दिवशी ट्यूब निघाली. बोलायला लागल्यावर त्यानं आईला सांगितलं, "काका घरी न्या म्हणत होते, मला ऐकू येत होतं."

ज्ञान त्या स्क्रीनवरून आलं. पण सात दिवस दर दोन तासांनी कूस बदलणं, उघड्या राहिलेल्या डोळ्यांत मलम घालणं, कफ ओढणं हे आमच्या मुलींनी केलं. सेवा विकायला येणारे लोक हा भाग सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. त्याच आठवड्यात एका रात्री लाइट गेली, जनरेटर लागला नाही आणि व्हेंटिलेटरची बॅटरी दहा मिनिटांत बसली. नेटही गेलं, स्क्रीन काळी. मी आणि वॉर्डबॉय मामांनी आलटून पालटून अँब्यू बॅग, म्हणजे हातानं श्वास द्यायची पिशवी, दाबली. आमचे भूलतज्ज्ञ नंतर म्हणाले, की १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा डॉ. ब्योर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून अशाच पिशव्या दाबल्या, आणि आयसीयू ही कल्पनाच तिथून आली. ऐकून माझे दुखरे हात मला हलके वाटले.

आता तक्रारी. रात्रीच्या पाळीला असलेले एक डॉक्टर फक्त इंग्रजी आणि थोडं हिंदी बोलतात. पेशंटच्या बायकोला कळत नाही, भाषांतर माझ्यावर येतं, आणि "आशा कमी आहे" हे वाक्य सिस्टरनं परक्याच्या वतीनं सांगणं बरोबर नाही. चार्ट कागदावरही भरायचा आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येही, त्यात रात्रीचा तास-दीड तास जातो. तो बेडजवळ जायला हवा. बॅकअपला नेटची दुसरी लाइन देऊ म्हणाले होते, ती सातव्या महिन्यात आली. आणि व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक सिस्टर हवी, हे कॅमेरा आल्यानं बदलत नाही. काही मालकांना ते बदलतं असं वाटायला लागलंय, आणि मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

कोविडमध्ये व्हेंटिलेटर आले, पण ते चालवणारी माणसं नव्हती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. मार्च २०२० मध्ये सरकारनं टेलिमेडिसिनचे नियम काढले, आता अतिदक्षतेत डीएम ही पदवी करणारे तरुण डॉक्टरही आहेत. ते आमच्या गावात राहायला येतील असं मला वाटत नाही. मॅडम एका रात्रीत चार-पाच गावांतले बेड बघतात, या शाखेचं पुढचं रूप मला तसंच दिसतं. मग गावातल्या सिस्टरला एबीजी (रक्तातल्या वायूंचा रिपोर्ट) वाचता आला पाहिजे, व्हेंटिलेटरचा अलार्म कशामुळे वाजतोय हे कळलं पाहिजे. मॅडमनी आम्हाला दर गुरुवारी दुपारी अर्धा तास शिकवलं. करारात ते नव्हतं, त्यांनी मनानं केलं. माझ्या मते अख्ख्या सेवेत सगळ्यात मोलाचं तेच.

लहान हॉस्पिटलांनी सेवा जरूर घ्यावी. सही करण्याआधी ट्रायल दिवसा नको, रात्री दोन वाजता मागा, आणि बटण सिस्टरला दाबू द्या. आमचा करार पुढच्या महिन्यात संपतो. मी सरांना चालू ठेवा म्हणाले आहे, फक्त रात्री मराठी बोलणारा डॉक्टर आणि गुरुवारचा तास, या दोन गोष्टी करारात लिहून घ्या म्हणाले.