घरी गाणं रेकॉर्ड करायचंय: कंडेन्सर घ्यावा की डायनॅमिक?

घरच्या खोलीत ख्याल मुद्रित करायचा आणि मागचा तंबोराही स्वच्छ यायला हवा, तर निवड बहुतेकदा दोन माइकांवर येऊन थांबते. एक शुअर एसएम५८सारखा डायनॅमिक, दुसरा रोड एनटी१सारखा मोठ्या डायफ्रॅमचा, म्हणजे आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचा, कंडेन्सर.

डायनॅमिक बाहेरचा गोंगाट घेत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. हे दोन्ही माइक कार्डिऑइड आहेत, म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारे. गळ्यापासून सारख्याच अंतरावर ठेवले, तर पंख्याची घरघर दोन्हींत जवळपास सारख्याच प्रमाणात येते. खरा फरक अंतराचा. डायनॅमिक ओठांपासून चार बोटांवर धरतात, कंडेन्सर वीत-दीड वीत लांब ठेवतात. अंतर दुप्पट झालं की गळ्याची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते, खोलीची मात्र आहे तेवढीच राहते.

अभिवाचन किंवा पॉडकास्ट असेल तर डायनॅमिकच घ्या, फार विचार नको. ख्यालाचं तसं नाही. तान घेताना मान हलते, आणि चार बोटांच्या अंतरात दोन बोटांचा फरकही लगेच ऐकू येतो. इतक्या जवळून मंद्र सप्तक उगाच फुगतं. शिवाय जवारीची, म्हणजे तंबोऱ्याच्या तारांच्या गुंजनाची, झळाळी वरच्या, नाजूक कंपनांत असते. कंडेन्सरचा हलका पडदा ती टिपतो. डायनॅमिकने लांबचा तंबोरा पकडायचा तर गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण, इतका चढवावा लागतो की तो वाढवणाऱ्या प्रीअँपचीच सळसळ ऐकू येते. कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज) देणारा इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारा डबा, लागतो, तो खर्च आधीच धरा.

'गोंगाट नंतर सॉफ्टवेअरने काढू' या भरवशावर राहू नका. अखंड, एकसारखा वाजणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं ते सॉफ्टवेअर धरून चालतं, आणि तंबोरा नेमका तसाच वाजतो. माझ्या एका मुद्रणात पंख्याबरोबर जवारीही पुसली गेली. उरला तो पाण्याखाली वाजल्यासारखा तंबोरा. ते मुद्रण पुन्हा करता आलं नाही, याची हळहळ आजही वाटते.

म्हणून अर्धा तास पंखा बंद ठेवता येत असेल, तर माझं मत कंडेन्सरला. पहाटे बसा, माइकची पाठ खिडकीकडे करा आणि गाणाऱ्याच्या मागे जाड रजई टांगा. माइक समोरून ऐकतो, त्यामुळे त्या भिंतीवरून परतणारा आवाजच त्याला सर्वात जास्त मिळतो. मुद्रणाची पातळी २४ बिटवर उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्य ही कमाल मर्यादा) ठेवली की तारसप्तकातही आवाज फाटत नाही.

खोली रहदारीच्या रस्त्यावर असेल तर डायनॅमिक घ्या. तंबोरा ॲपचा असेल तर तो केबलने थेट इंटरफेसच्या दुसऱ्या चॅनलवर घ्या आणि गाणाऱ्याला हेडफोनमधून ऐकवा. जवारी हवेतून पकडायचीच नसल्यामुळे डायनॅमिकची मोठी उणीव तिथे आड येत नाही.