नारिंगी गराचे रताळे: कंद उत्तम, पिठाने निराशा

जैवसंपृक्त पिके, म्हणजे ज्यांच्या वाणांतच पोषकद्रव्ये वाढवलेली असतात अशी पिके, म्हणजे काय हे सांगणारे लेख पुष्कळ आहेत. पण त्यांपैकी एखादे पीक रोजच्या स्वयंपाकात कसे उतरते, याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. म्हणून गेले दोन महिने मी नारिंगी गराची रताळी आणि त्यांचेच म्हणून विकले जाणारे तयार पीठ अशा दोन्ही वस्तू घरी वापरून पाहिल्या. कंदांविषयी माझे मत अतिशय चांगले झाले. पिठाविषयी तसे म्हणता येत नाही.

सालीच्या रंगावरून आतला गर ओळखता येत नाही, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे. लालसर सालीच्या आत पांढराफटक गर निघू शकतो आणि फिकट सालीच्या आत गडद नारिंगी. पहिल्या खेपेला मी निवडलेले काही कंद आतून पांढरे निघाले. त्यानंतर एक कंद कापून पाहिल्याशिवाय मी माल घेतला नाही. जांभळ्या गराचे रताळेही पुष्कळ जण याच गटातले समजतात, पण तो जांभळेपणा वेगळ्या रंगद्रव्याचा असतो आणि त्यावरून ‘अ’ जीवनसत्त्वाचा भरवसा धरता येत नाही. नारिंगी रंग मात्र शरीर ज्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवते त्या बीटा कॅरोटीनचाच असतो, त्यामुळे गर जितका गडद तितके ते अधिक. लोह किंवा जस्त वाढवलेल्या धान्याचा दाणा हातात घेऊन काहीच कळत नाही, सगळी भिस्त वेष्टनावरच्या मजकुरावर ठेवावी लागते. इथे सुरीच्या एका कापात खात्री पटते. या पिकाचा हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

शरीर बीटा कॅरोटीनपासून गरजेपुरतेच ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते, त्यामुळे तयार जीवनसत्त्वाची मात्रा जास्त झाल्यावर होतो तसा अपाय या रताळ्याने होत नाही. ज्या मुलांना हे जीवनसत्त्व पुरेसे मिळत नाही त्यांना रातांधळेपणा येतो, पुढे डोळे कोरडे पडून दृष्टी कायमची जाऊ शकते, आणि गोवर किंवा अतिसार झाला तर जीव जाण्याचा धोका वाढतो. असे असताना शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलाची दिवसाची गरज साधारण 125 ग्रॅम रताळ्यात, म्हणजे एका लहानशा कंदात, भागू शकते, ही साधी गोष्ट नाही. हे वाण नेहमीच्या संकर आणि निवड पद्धतीने तयार झाले आहेत. मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो या संशोधकांनी ते आफ्रिकेत रुजवले. त्यासाठी त्यांना, जैवसंपृक्त पिकांची चळवळ उभी करणाऱ्या हॉवर्थ बुईस यांच्यासह, 2016 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

आता चवीविषयी. उकडलेल्या कंदाची साल अंगठ्याने सहज सुटते, गर ओलसर आणि मऊ लागतो, वासात थोडी गाजराची आठवण असते. ज्यांना कोरडे, पिठूळ रताळे आवडते त्यांना पहिला घास नक्कीच खटकेल, मलाही खटकला. पांढऱ्या वाणांपेक्षा नारिंगी वाणांत कोरडा अंश कमी असतो, आणि आफ्रिकेतही मोठ्या माणसांची सुरुवातीची तक्रार हीच होती. त्यामुळे संशोधकांना रंगाबरोबर पिठूळपणाही वाढवावा लागला. लहान मुलांची गोष्ट वेगळी आहे. आमच्या नातीने हा मऊ, गोड गर चमच्याने खरवडून खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितला.

कंद सालीसकट, झाकण ठेवून उकडावा. त्यात बीटा कॅरोटीन बऱ्याच अंशी टिकते. उकडलेल्या पाण्याला जेमतेम पिवळट छटा येते, पण तेच तुकडे चमचाभर तेलात परतले की तेल नारिंगी होते. हे द्रव्य स्निग्ध पदार्थात विरघळते हे इथे डोळ्यांनी दिसते, आणि म्हणूनच नुसते उकडलेले रताळे देण्याऐवजी त्याच्याबरोबर थोडे तेल किंवा तूप पोटात जाणे आवश्यक आहे. कंद शीतकपाटात मात्र ठेवू नयेत. मी ठेवले, तेव्हा ते शिजल्यावरही मधोमध टणक राहिले. हवेशीर, अंधाऱ्या कोपऱ्यात ते तीन आठवडे उत्तम टिकले.

पिठाच्या वेष्टनावर गडद नारिंगी कंदाचे चित्र होते. आतले पीठ साईच्या रंगाचे निघाले. बीटा कॅरोटीन उजेडाने आणि हवेने नासते, त्यामुळे उघड्या उन्हात वाळवून महिनोन्महिने साठवलेल्या पिठात ते फारसे उरत नाही. त्या वेष्टनावर पीठ कधी दळले याची तारीख नव्हती, बीटा कॅरोटीनचे प्रमाणही नव्हते, तरीही ‘बालकांच्या डोळ्यांसाठी’ असा ठळक दावा होता. उत्पादकाकडे विचारणा केली, उत्तर आले नाही. ज्या आईने विश्वासाने हे पीठ मुलाला दिले असेल तिचा विचार करून मला या दाव्याचा मनापासून राग आला. ज्या घरात लहान मूल आहे तिथे कंदच घ्यावेत.

लावणाऱ्याच्या दृष्टीनेही हे पीक सोयीचे आहे, कारण वेलाचे तुकडेच बेणे म्हणून लागतात आणि दर हंगामाला बियाणे विकत घ्यावे लागत नाही. मात्र तेच बेणे वर्षानुवर्षे वापरल्यास त्यात विषाणू साठत जाऊन उत्पन्न घटते, आणि कोरड्या जमिनीला भेगा पडल्या की कंद पोखरणारा सोंड्या भुंगा कंदापर्यंत पोहोचतो. त्यामुळे मधूनमधून निरोगी बेणे आणावे लागते. वेल जगवायला पाणी नसेल तेव्हा काही निरोगी कंद कोरड्या वाळूत जपून ठेवावेत आणि पावसाच्या आधी त्यांना कोंब आणावेत, अशी पद्धत आफ्रिकेतील शेतकरी वापरतात. त्याच रीतीने मी वाळूत ठेवलेल्या दोन कंदांना कोंब फुटले आहेत. वीतभर वाढले की कापून कुंडीत लावणार आहे.