स्टफ्ड ऑलिव्ह : स्नॅक म्हणून आणले, निघालं लोणचं

आमच्याकडे पाचच्या चहासोबत शेव-चिवडा लागतोच, आणि मागच्या महिन्यात ह्यांचं बीपी वर गेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले फरसाण बंद. आता बंद म्हणायला काय जातं, पण माणूस ऑफिसातून येऊन एकेक डबा उघडून पाहून राहिला तर त्याच्या पुढ्यात ठेवायचं काय? म्हणून नागपूरच्या गोकुळपेठेतल्या एका दुकानातून (नाव नाही लिहीत, माणसं चांगली आहेत) हिरव्या स्टफ्ड ऑलिव्हची बाटली उचलली, स्पेनचा माल, पावणेतीनशे रुपये. वर मोठ्या अक्षरात झिरो कोलेस्टेरॉल, आणि काउंटरवरचा पोरगा म्हणे घ्या ना ताई, एकदम हेल्दी, डायटवाले सगळे हेच नेऊन राहिले. झिरो कोलेस्टेरॉलचं काय सांगता, झाडाला लागणाऱ्या कोणत्याच गोष्टीत ते नावापुरतंही नसतं, मग भेंडीच्या जुडीवर पण लिहा की.

चव आवडली हे आधीच सांगते. खारट, थोडी आंबट, दाताखाली कचकन तुटतात. इतकी आवडली की त्याच संध्याकाळी मॅच पाहता पाहता ह्यांनी अर्धी बाटली संपवली, आणि मग रात्रभर उठून उठून पाणी. तिसऱ्यांदा फ्रिज उघडल्याचा आवाज आला तेव्हा मी चष्मा लावून बाटलीमागचं बारीक अक्षर वाचायला घेतलं, जे खरं तर दुकानातच करायला पाहिजे होतं.

बाटली 450 ग्रॅमची, पण पाणी काढून माल फक्त 220 ग्रॅम, म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसे मिठाच्या पाण्याचे. 100 ग्रॅमला साधारण 150 कॅलरी, फॅट 15-16 ग्रॅम, प्रोटीन 1 ग्रॅम, आणि सोडियम 1500 मिलिग्रॅमच्या वर. मोठ्या माणसाला दिवसभरात 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्या असं डब्ल्यूएचओ सांगते, म्हणजे 5 ग्रॅम मीठ, एक छोटा चमचा समजा. ह्यांनी अर्धी बाटली म्हणजे 110 ग्रॅम खाल्ले, हिशोब करा, 1650 तिथंच झालं, आणि त्याच्यावर रात्रीची भाजी-पोळी वेगळी. बीपीसाठी फरसाण सोडून हे आणलं होतं बाप्पा!

सकाळी आईंना (सासूबाई) एक खायला दिला, त्यांनी चावून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं ही तर खारातली कैरी आहे, याला ताटलीभर कोण खातं?" झालं, माझा सगळा अभ्यास एका वाक्यात. आणि आहेच तसं. झाडावरून तोडलेला ऑलिव्ह इतका कडू असतो की तोंडात धरवत नाही, त्यात ओलियूरोपिन नावाचं द्रव्य असतं, ते काढायला आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवतात आणि मग कितीतरी आठवडे मिठाच्या पाण्यात आंबवतात, तेव्हा कुठं तो खाण्याजोगा होतो. त्यामुळे मीठ त्याच्या अंगातच मुरलेलं असतं.

पण म्हणून एकदम टाकाऊ नाही हां. मी किचनच्या काट्यावर दहा मोजून ठेवले, 40 ग्रॅम भरले. म्हणजे 60 कॅलरी, आणि तेवढ्याच शेवेत 200 च्या वर जातात. साखर जवळजवळ नाही, थोडा फायबर, थोडं व्हिटॅमिन ई, आणि फॅट बहुतेक ओलेइक अ‍ॅसिडवालं, जे ऑलिव्ह ऑइलमध्ये असतं तेच. ते आपल्या फल्लीतेलात (शेंगदाण्याच्या तेलात) पण भरपूर असतं, पण ते कोणी सांगत नाही कारण फल्लीतेल स्पेनहून येत नाही. ओमेगा-3 च्या आशेनं घेत असाल तर नका घेऊ, त्यासाठी जवसाची चटणी बरी. आणि प्रोटीन? दहा ऑलिव्हमध्ये अर्धा ग्रॅमही नाही, 40 ग्रॅम फुटाण्यात सात-आठ ग्रॅम मिळतं. भूक लागलेल्या माणसापुढे नुसते ऑलिव्ह ठेवले की अर्ध्या तासानं तो पुन्हा डबे उघडतो, आमच्याकडे दोनदा झालं हे.

आता ते स्टफिंग. मला वाटायचं आत लाल मिरचीचा तुकडा भरतात. टूथपिकनं एक काढून पाहिला तर सगळ्या बाजू एकसारख्या कापलेली पट्टी, दाबली की रबरासारखी परत येते. लेबलवर होतं मिरचीचा लगदा आणि सोडियम अल्जिनेट, म्हणजे लगदा घट्ट करून त्याच्या पट्ट्या पाडलेल्या. अपाय काही नाही, पण पोषणाच्या नावानं त्या एवढ्याशा पट्टीत काय येणार. बदाम भरलेले मिळतात त्यात थोडं तरी प्रोटीन वाढतं, चीजवाल्यात फॅट वाढतं. आणि शाकाहारी लोकांनी हिरवा ठिपका पाहूनच घ्यायचे, कारण अँचोव्ही भरलेले पण येतात आणि अँचोव्ही म्हणजे मासोळी.

सध्या आमच्याकडे असं चालू आहे की चार-पाच ऑलिव्ह आधी चिरायचे, मग अर्धा तास साध्या पाण्यात ठेवायचे, एकदा पाणी बदलायचं, खारटपणा बराच उतरतो. मग फुटाणे, कांदा, काकडी, सांबार (म्हणजे कोथिंबीर), वरून निंबू, आणि मीठ अजिबात नाही. ह्यांना ते आवडून राहिलं, निदान तक्रार तरी नाही. दहीभातासोबत तर फारच छान, पण ते आईंच्या हिशोबात, दोनच, लोणच्यासारखे.

एक अजून, उघडलेली बाटली ओट्यावर ठेवू नका, आपल्या मे महिन्यात तर बिलकुल नाही. फ्रिजमध्ये ठेवा आणि ऑलिव्ह पाण्यात बुडलेले राहू द्या, आणि काढायला कोरडा चमचा. मी एकदा वरचं पाणी सिंकमध्ये ओतून दिलं होतं, चार दिवसांत वरच्यांवर पांढरी बुरशी, सात-आठ फेकावे लागले.

पाचपैकी तीन स्टार. एक मिठामुळे कापला, एक 220 ग्रॅममुळे. बाटली मात्र जाड काचेची आहे, झाकण घट्ट बसतं, आईंनी ती कधीच धुऊन घेतली.